मोटारगाडीतील संरक्षक साधने व त्यांमागील विज्ञान

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



अपघातात सापडलेली एखादी नवी मोटार गावच्या फाट्यावर ओढून आणली म्हणजे तिच्याभोवती माणसे जमतात. पुढील भागाचा झालेला चेंदामेंदा पाहून त्यांच्यापैकी कोणीतरी जाणत्या स्वरात म्हणतो, "पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या होत्या, हल्लीच्या नुसत्या पत्र्याच्या." ऐकणारे माना डोलावतात. हे विधान डोळ्यांना इतके पटते की त्याची परीक्षा घेण्याची आवश्यकता कोणासच भासत नाही.

अशी परीक्षा मात्र प्रत्यक्ष घेण्यात आलेली आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी महामार्ग-सुरक्षेसाठी १९५९ साली एक संस्था स्थापन केली. या संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २००९ साली, एकाच कारखानदाराच्या दोन मोटारी निवडल्या. एक १९५९ सालची जाडजूड, लांबरुंद शेव्हरोले बेल एअर व दुसरी २००९ सालची शेव्हरोले मालिबू. दोहोंत चालकाच्या जागी माणसाच्या आकाराचे व वजनाचे पुतळे बसविण्यात आले आणि प्रत्येकी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने दोन्ही गाड्या समोरासमोर आदळविण्यात आल्या. निष्कर्ष बहुतेकांच्या समजुतीच्या अगदी उलट निघाला. जुन्या गाडीत बसावयाची जागाच आत दबली गेली, सुकाणूचे चाक पुतळ्याच्या अंगावर आले, आणि त्या जागी जिवंत माणूस असता तर तो वाचला नसता असे मोजमापांवरून दिसून आले. नव्या गाडीचे नाक पार चेपले गेले; परंतु तिची बसावयाची जागा शाबूत राहिली. तिच्यातील चालकास फार तर पायाची दुखापत झाली असती.

जी गाडी अधिक "पत्र्याची" होती तिनेच माणूस राखला, असे का व्हावे? या एका प्रश्नाचे उत्तर ज्यास उमगले त्यास आजच्या मोटारीतील बहुतेक सर्व संरक्षक साधनांचे मर्म उमगले असे समजावयास हरकत नाही. हे उत्तर प्राथमिक शाळेतील मुलालाही समजावून देता येण्याजोगे आहे.

धक्का कशामुळे बसतो?

एस.टी.च्या चालकाने एकाएकी ब्रेक दाबला की उभे असलेले उतारू पुढे झेपावतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. गाडी थांबली, परंतु त्यांची शरीरे पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहिली, इतकेच. पदार्थाच्या या स्वभावास जडत्व म्हणतात. मोटार एखाद्या झाडावर आदळते तेव्हा वस्तुतः एक नव्हे, तीन टकरी होतात. पहिली टक्कर गाडीची झाडाशी. दुसरी, अजून धावतच असलेल्या माणसाची थांबलेल्या गाडीशी. तिसरी टक्कर शरीराच्या आत होते : कवटी थांबते, पण मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. माणूस दगावतो तो दुसऱ्या व तिसऱ्या टकरीमुळे.

आता या टकरीचा जोर कशावर अवलंबून असतो ते पाहू. क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना जाणता खेळाडू हात मागे घेतो. अजाण मुलगा हात ताठ ठेवतो व त्याचे तळवे झिणझिणतात. चेंडू तोच, वेगही तोच. एकाने चेंडूस थांबावयास हातभर अंतर दिले, दुसऱ्याने बोटभरही दिले नाही. कोकणातून आंब्याची पेटी येते ती पेंढा घालूनच येते. पेंढा चेपला जातो, म्हणून आंबा चेपला जात नाही.

थोडे गणित केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ताशी ५० किलोमीटर हा वेग कोणास फारसा वाटत नाही. परंतु या वेगाने एखाद्या भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, अर्थात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. या वेगाने जाणारी वस्तू ६० सेंटिमीटर अंतरात सारख्या गतीने मंदावत थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. हीच वस्तू ५ सेंटिमीटरांत थांबली, तर तो जोर सुमारे २०० पट होतो. १६ पट जोर नीट बांधून बसविलेले धडधाकट शरीर क्षणभर सोसू शकते. २०० पट जोर डोक्यास सोसत नाही. अवघ्या ५५ सेंटिमीटरांच्या फरकात जीवन व मरण यांचे अंतर सामावलेले आहे.

शरीर किती सोसू शकते याचा शोध अमेरिकी हवाई दलातील एका वैद्याने स्वतःच्या देहावर घेतला. जॉन स्टॅप हे त्यांचे नाव. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिको राज्यात रुळांवरून धावणाऱ्या अग्निबाणाच्या गाडीत ते स्वतःस पट्ट्यांनी घट्ट बांधून बसले. ताशी १,००० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणारी ती गाडी सुमारे दीड सेकंदात थांबविण्यात आली. त्यांच्या शरीरावर त्यांच्या वजनाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून काही काळ त्यांस दिसेनासे झाले. परंतु ते बरे झाले व पुढे १९९९ सालापर्यंत जगले. शरीर योग्य जागी, योग्य रीतीने बांधलेले असेल तर ते समजुतीपेक्षा कितीतरी अधिक सोसते, ही गोष्ट या प्रयोगांनी सिद्ध झाली.

तात्पर्य, टक्कर झाल्यावर माणसास वाचविण्याचा उपाय एकच : त्यास थांबण्यासाठी थोडे अधिक अंतर व थोडा अधिक वेळ मिळवून देणे. मोटारीतील निरनिराळी साधने हे एकच काम निरनिराळ्या रीतींनी करतात.

चेपणारे नाक व न चेपणारी खोली

बेला बारेन्यी नावाचे एक अभियंता जर्मनीत मर्सिडीज-बेंझ या कारखान्यात काम करीत असत. गाडी जितकी कठीण तितकी ती सुरक्षित, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. बारेन्यी यांनी ती बाजूस सारली. त्यांनी गाडीचे तीन भाग कल्पिले. मधला भाग, जेथे माणसे बसतात, तो अत्यंत मजबूत असावा. पुढचा व मागचा भाग मात्र मुद्दाम असा करावा की तो टकरीत क्रमाक्रमाने चेपत जाईल. या कल्पनेचा हक्क-दाखला त्यांनी १९५१ साली मागितला व १९५९ साली ती प्रत्यक्ष गाडीत उतरली.

म्हणजे गाडीचे नाक हा आंब्याच्या पेटीतील पेंढा होय. ते चेपले जाते तेव्हा ती कारखानदाराची लबाडी नसते. नाक आपले कर्तव्य करीत असते. टकरीची शक्ती पत्रा व तुळया वाकविण्यात खर्ची पडते आणि आतील माणसास थांबावयास साठ-सत्तर सेंटिमीटर मिळतात.

हे न जाणल्यामुळे पुष्कळजण हौसेने गाडीच्या पुढे लोखंडी नळ्यांची जाडजूड चौकट बसवून घेतात. अशी चौकट धक्का शोषून घेत नाही. तो सरळ गाडीच्या सांगाड्यात पोहोचविते. हवेच्या पिशव्यांना टकरीची वर्दी देणाऱ्या यंत्रणेच्या कामातही तिने बिघाड येऊ शकतो. शिवाय समोर आलेल्या पादचाऱ्याच्या शरीरावर तिचा आघात अधिकच घातक होतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा चौकटी बेकायदेशीर असल्याचे राज्यांस कळविले.

पट्टा

गाडीने नाक चेपून मिळविलेले हे अंतर माणसास केव्हा उपयोगी पडेल? तो गाडीशी बांधलेला असेल तेव्हाच. न बांधलेला माणूस, गाडी चेपत असताना, पूर्वीच्याच वेगाने हवेतून पुढे जात असतो. तो समोरच्या फळीवर किंवा काचेवर पोहोचतो तोवर गाडी थांबलेली असते. साठ सेंटिमीटर वाया गेलेले असतात आणि त्याच्या वाट्यास ते पाच सेंटिमीटरच येतात. म्हणून सर्व साधनांचा राजा पट्टा हाच होय.

आरंभी केवळ कमरेवरून जाणारा पट्टा असे. त्याने माणूस जागेवर राही, परंतु धड पुढे फेकले जाऊन डोके आपटे. स्वीडनमधील नील्स बोलिन हे अभियंता पूर्वी विमानातील वैमानिकास संकटसमयी बाहेर फेकणारी आसने तयार करीत. १९५८ साली ते व्होल्वो कंपनीत आले. कंबर व छाती या दोहोंस धरून ठेवणारा आणि तरीही एका हाताने सहज लावता येणारा तीन टेकूंचा पट्टा त्यांनी १९५९ साली सिद्ध केला. कंपनीने त्याचा हक्क आपल्यापुरता राखून न ठेवता तो इतर कारखानदारांस खुला केला. आज जगातील कोणत्याही मोटारीत जो पट्टा दिसतो तो मूलतः बोलिन यांचाच आहे.

या पट्ट्याची रचना मुलांस आवडण्यासारखी आहे. पट्टा एका रिळावर गुंडाळलेला असतो व रिळास स्प्रिंग असते. म्हणून हळू ओढल्यास तो सैल सुटतो व सोडल्यास परत आत जातो. रिळाजवळ एक लहानसे लोलकासारखे वजन किंवा गोळी असते. गाडीचा वेग एकाएकी कमी झाला की जडत्वामुळे ती पुढे सरकते व एक खिटी रिळाच्या दात्यात अडकविते. पट्टा हिसका देऊन ओढला तरीही रीळ अडते. थांबलेल्या गाडीत कोणासही हे करून पाहता येते. बऱ्याच नव्या गाड्यांत याहून पुढची सोय असते. टक्कर होताच एक छोटासा स्फोटक भार पेटून पट्टा काही सेंटिमीटर आत ओढून घेतो, म्हणजे त्यातील ढिलाई नाहीशी होते. त्यानंतर छातीवर फार ताण येऊ लागला तर तोच पट्टा थोडासा सैल सोडला जातो. आधी घट्ट धरावयाचे व मग बेताने सोडावयाचे, ही झेल घेणाऱ्या हाताचीच रीत झाली.

पट्टा लावण्याचीही एक शिस्त आहे. खालचा भाग पोटावरून नव्हे, तर कमरेच्या हाडावरून, मांड्यांच्या सांध्याजवळून जावा. वरचा भाग गळ्याच्या हाडावरून व छातीच्या मध्यावरून यावा. टोचतो म्हणून काखेखालून घेणे धोक्याचे आहे, कारण मग सारा जोर बरगड्यांवर येतो. गर्भवती स्त्रीने खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखालून घ्यावा.

मागे बसणाऱ्यास पट्टा लागत नाही, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक उंची मोटार कठड्यावर आदळली. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागील आसनांवरील दोघे मृत्यू पावले. त्यांपैकी एक सुप्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री होते. मागील दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडीची किंमत येथे उपयोगी पडली नाही. शिवाय मागचा न बांधलेला माणूस केवळ स्वतःचाच घात करीत नाही. तो पुढच्या आसनावर आपल्या वजनाच्या कित्येक पट जोराने आदळून पुढच्यासही चिरडू शकतो.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसे दगावली. त्यांपैकी ८,३३१ चालक नव्हते. नुसते बसलेले उतारू होते.

हवेची पिशवी

पट्ट्याने धड धरून ठेवले तरी मान वाकून डोके पुढे जातेच. त्यास झेलण्यासाठी हवेची पिशवी असते. सुकाणूच्या चाकाच्या मध्यभागी व समोरच्या फळीत ती घडी करून ठेवलेली असते. टकरीने गाडीचा वेग असाधारण झपाट्याने घटला की एक नखाएवढे विजेचे साधन ते ओळखते व ठिणगी पाडते. त्यासरशी एक रासायनिक गोळी पेटून भरपूर वायू निर्माण होतो. पूर्वी यासाठी सोडियम अझाइड हे द्रव्य वापरीत व त्यापासून नायट्रोजन मिळे. पुढे इतर द्रव्ये वापरात आली. टकरीच्या आरंभापासून एका सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाच्या आतच पिशवी फुगून तयार होते. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

फुगताच ती सैलही होऊ लागते, कारण तिच्या मागील बाजूस भोके असतात. डोके तिच्यात रुतते, वायू भोकांवाटे बाहेर पडतो आणि डोके हळूहळू थांबते. भोके नसती तर डोके चेंडूसारखे उलट फेकले गेले असते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही पिशवी पट्ट्याची मदतनीस आहे, बदली नव्हे. ती ताशी शेकडो किलोमीटरांच्या वेगाने बाहेर झेपावते. पट्टा न लावलेला माणूस तोवर पुढे सरकून तिच्या अगदी तोंडाशी आलेला असतो. अशा वेळी ती झेलण्याऐवजी ठोसाच देते. म्हणून चालकाची छाती सुकाणूच्या चाकापासून निदान २५ सेंटिमीटर दूर असावी. पुढील आसनावरील उतारूने समोरच्या फळीवर पाय टेकून बसू नये. त्या फळीच्या झाकणावर कोणतीही जड वस्तू चिकटवू नये. पुष्कळ भाविक तेथे देवाची मूर्ती बसवितात. भाव योग्यच आहे. परंतु पिशवी उघडताच ती मूर्ती तोफेच्या गोळ्याप्रमाणे उतारूच्या तोंडावर येऊ शकते. मूर्तीची जागा थोडी बदलल्याने श्रद्धेस बाध येत नाही.

आपल्या देशात मोटारींना चालकासमोरील पिशवी १ जुलै २०१९ पासून, व शेजारच्या उतारूसमोरील पिशवी सर्व नव्या मोटारींना २०२२ च्या आरंभापासून सक्तीची झाली.

काच व मानेचा आधार

समोरची काच वस्तुतः दोन काचांची असून मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. ती तडकते, पण तिचे तुकडे पडद्यास चिकटून राहतात. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक काचेचा चंबू खाली पडला व तडकूनही विखुरला नाही. आत पूर्वी ठेवलेल्या द्रव्याचा पातळ थर सुकून बसला होता, त्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून ही कल्पना त्यांस सुचली असे सांगतात. बाजूच्या काचा निराळ्या रीतीच्या असतात. त्या तापवून एकदम हवेच्या झोताने थंड केलेल्या असतात, त्यामुळे फुटल्याच तर त्यांच्या सुऱ्यासारख्या धारदार कपच्या न होता बारीक दाण्यांचा चुरा होतो.

आसनाच्या वरील उशी ही डुलकी घेण्याची सोय नव्हे. मागून दुसरी गाडी धडकली की धड एकदम पुढे ढकलले जाते व डोके मागेच राहते. मान चाबकासारखी झटका खाते. ही उशी डोके अडविते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच असावी. ती मानेच्या खाली दाबून ठेवल्यास तिचा काही उपयोग नाही.

ब्रेक

आतापर्यंतची साधने टक्कर झाल्यावर कामास येतात. आता टक्कर टाळणारे एक साधन पाहू. सायकल चालविणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो : पावसाळ्यात चिखलातून जाताना ब्रेक करकचून दाबला की चाक फिरावयाचे थांबते, परंतु सायकल थांबत नाही. ती घसरत जाते, आणि मूठ वळविली तरी वळत नाही. फिरणारे चाक रस्ता धरून असते. अडकलेले चाक घसरते.

मोटारीचेही असेच होते. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाजवळ त्याच्या फेऱ्या मोजणारे एक साधन बसवितात. एखादे चाक अडकू लागले की एक छोटे गणकयंत्र तेवढ्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते व पुन्हा लावते. हे एका सेकंदात कित्येक वेळा घडते. चाक फिरतच राहते, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही चालकास गाडी वळवून अडथळा चुकविता येतो. ही कल्पना विमानांच्या चाकांवरून आली. बॉश व मर्सिडीज-बेंझ या कंपन्यांनी तिचे विजेच्या गणकयंत्रावर चालणारे रूप १९७८ साली मोटारीत आणले. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव एबीएस असे आहे. आपल्याकडे ती सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ही यंत्रणा काम करू लागली की पायाखाली थरथर जाणवते. ती बिघाडाची खूण नव्हे. तिला घाबरून पाय उचलू नये; दाबून धरावा.

या यंत्रणेसही मर्यादा आहेत. सुट्या खडीवर तिने थांबण्याचे अंतर कमी होईलच असे नाही. कधी ते वाढतेही. कोणतेही यंत्र एक मूळ नियम बदलू शकत नाही : वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते.

मुलांचा प्रश्न

गावातील बहुतेक मुलांच्या घरी मोटार नाही, मग हा विषय त्यांच्यापुढे कशासाठी मांडावयाचा, असे एखाद्या शिक्षकास वाटणे साहजिक आहे. परंतु हीच मुले बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपने तालुक्यास जातात, वऱ्हाडाच्या गाडीत दाटीने बसतात, शाळेच्या सहलीस जातात. सात जणांच्या गाडीत चौदा जण बसले की पट्टे असून नसल्यासारखे होतात. एका पट्ट्यात दोन जीव कधीही बांधू नयेत. टकरीत ते एकमेकांवरच आदळतात.

सर्वांत करुण चूक प्रेमापोटी घडते. आई किंवा वडील तान्हे मूल मांडीवर घेऊन पुढील आसनावर बसतात. आपले हात त्याला सांभाळतील अशी त्यांची खात्री असते. मघाचे गणित येथे लावून पाहावे. मुलाचे वजन १० किलो असेल, तर ताशी ५० किलोमीटरांच्या टकरीत, गाडी साठ सेंटिमीटर चेपली असे धरूनही, त्यास धरून ठेवण्यासाठी दीड क्विंटलहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागेल. तो जोर कोणत्याही मातेच्या हातांत नाही. शिवाय पिशवी उघडली तर ती मुलाच्याच डोक्यावर येते. मुलांची जागा मागील आसनावर आहे, आणि लहान मुलासाठी त्याच्या मापाचे वेगळे आसन असावयास हवे. मागे तोंड करून बसविण्याचे बाळाचे आसन तर चालू पिशवीसमोर कधीही ठेवू नये. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित न करणे हा दंडास पात्र असा अपराध ठरविला आहे.

पट्टा लावला नाही की गाडी सूचनेचा आवाज करते. तो आवाज बंद करण्यासाठी नुसत्या जिभेसारखी एक पट्टी विकत मिळत असे व चतुर लोक ती खाचेत खोवून ठेवीत. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश काढले. परंतु आदेशाने पट्टी बाजारातून काढता येते, मनातून नाही. ते काम शाळेचे आहे.

वर्गात करावयाचे प्रयोग

पहिला प्रयोग. लहान चाकांची एक लाकडी गाडी घ्यावी. तिच्यावर ओल्या मातीची बाहुली बसवावी व उतरत्या फळीवरून गाडी सोडून खाली विटेवर आदळू द्यावी. बाहुली पुढे फेकली जाईल. दुसऱ्या खेपेस बाहुलीस बारीक दोऱ्याने बांधावे. दोरा मातीत रुतेल. तिसऱ्या खेपेस रुंद फितीने बांधावे. बाहुली बहुधा जागेवर राहील. पट्टा रुंद का असतो हे मुले आपण होऊन सांगतील.

दुसरा प्रयोग. त्याच गाडीच्या पुढे काड्यापेटीची रिकामी खोकी चिकटवावी व पुन्हा गाडी सोडावी. खोके चेपेल, पण बाहुलीस बसणारा हिसका कमी झालेला दिसेल. "खोके वाया गेले की कामास आले?" असा प्रश्न विचारावा.

तिसरा प्रयोग. दोन मुलांनी एक चादर सैल धरावी व खालची कड वर दुमडून झोळी करावी. तिसऱ्या मुलाने कच्चे अंडे जोराने चादरीवर फेकावे. ते फुटत नाही. हवेची पिशवी हेच करते. मोटारसायकलच्या शिरस्त्राणातील थर्मोकोलसारखा थरही हेच करतो. तो स्वतः चेपून कवटीस अंतर मिळवून देतो. यास्तव एकदा मार बसलेले शिरस्त्राण वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये.

वरच्या वर्गांत गणिताच्या तासास ताशी किलोमीटरांचे दर सेकंदास मीटर करण्याची उदाहरणे द्यावीत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकास संकट दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. हे १७ मीटर अंतर शाळेच्या पटांगणावर फक्कीने आखून दाखवावे. रस्ता ओलांडताना गाडीपुढे का धावू नये, हे त्या रेघेवर उभे राहिलेल्या मुलास निराळे सांगावे लागणार नाही.

समारोप

अपघातग्रस्त गाडीभोवती जमलेल्या माणसांचा उद्गार चुकीचा असला तरी त्यांची दृष्टी अप्रामाणिक नव्हती. त्यांनी गाडी पाहिली; गाडीतून चालत बाहेर आलेला माणूस पाहावयाचा राहून गेला. शिक्षकाने मुलांस तो माणूस पाहावयास शिकवावे. सरकारने नियम केले, अभियंत्यांनी साधने शोधली, कारखानदारांनी ती बसविली. परंतु पट्टा लावण्याची शेवटची कृती ज्याची त्यालाच करावी लागते, व तिला दोन सेकंद लागतात. घरातील वडीलधाऱ्यांस हे सांगण्याचा संकोच सर्वांना वाटतो. मुलास वाटत नाही. सहलीच्या दिवशी गाडीत बसल्यावर गुरुजींनी किंवा बाईंनी प्रथम स्वतःचा पट्टा लावला, मग एकेका मुलाचा पाहिला, आणि पट्ट्यांपेक्षा मुले अधिक झाल्यास दुसरी गाडी येईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला, तर या विषयावरील सर्वांत चांगला पाठ त्या दिवशी दिला गेला असे समजावे.